साइट उघडत नाही, तर जाब कोणाला विचारायचा?



इंझोरीत नेट चाललं नाही की आपल्याकडे एकच उत्तर असतं : सर्व्हर डाऊन. रेशनच्या मशीनवर अंगठा लागला नाही, सर्व्हर डाऊन. लाडक्या बहिणीची केवायसी अडली, सर्व्हर डाऊन. पीक विम्याचा फॉर्म मधेच थांबला, तरी तेच. याची इतकी सवय झाली आहे की एखादी साइट कोणी मुद्दाम बंद केली असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आमच्याही आलं नव्हतं. आमच्यातली एक ताई शिवणकाम करते. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग असतो. नवे गळे, बाह्यांचे नमुने, कटिंगची मापं ती एका साइटवर बघायची. एक दिवस ती साइट उघडेनाशी झाली. नुसतं गोल गोल फिरत राहायचं आणि शेवटी पांढरं पान. तिनं फोन बंद करून चालू केला. मग रिचार्जच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठा पॅक मारा, होऊन जाईल." मारला. तरी नाही. मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या हँडसेटमध्ये प्रॉब्लेम आहे." दिवाळीत नवा फोन घ्यायचा, इथपर्यंत ताईची तयारी झाली होती.

बचत गटाच्या मीटिंगला तिनं हे सांगितलं. शेजारी बसलेल्या वहिनीनं सहज तीच साइट आपल्या फोनवर टाकली, तर झटक्यात उघडली. मग आम्ही वहिनीचं सिम काढून ताईच्या फोनमध्ये घातलं. तिथेही उघडली. म्हणजे हँडसेट ठणठणीत होता. गाव एकच, साइट एकच, फक्त कार्ड दुसऱ्या कंपनीचं.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. साइट बंद करतं कोण, कोणाच्या सांगण्यावरून, आणि आपण जाब कोणाला विचारायचा? जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी बंद कशी करतात ते बघू. आपण साइटचं नाव लिहितो, पण ती कुठे आहे हे फोनला माहीत नसतं. प्रत्येक साइटचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. फोन तो पत्ता आधी नेट देणाऱ्या कंपनीच्या वहीतून विचारून घेतो आणि मग तिकडे जातो. कंपनीला साइट अडवायची असेल तर सोपी युक्ती आहे, वहीतला पत्ता सांगायचाच नाही किंवा भलताच सांगायचा. गावात नवख्या माणसानं कोणाचं घर विचारावं आणि आपण त्याला पांदणीच्या वाटेला लावावं, तसं. तो बिचारा समजतो, घरच नाही.

दुसरी रीत नाक्यावर उभं राहून बघायची. पूर्वी साइटवरची ये-जा पोस्टकार्डासारखी उघडी असायची. कोण कोणतं पान मागतं आहे, ते कंपनीला वाचता यायचं. आता बहुतेक साइट पाकीट बंद करून पाठवतात. फोनवर साइटच्या नावाशेजारी छोटं कुलूप दिसायचं, काही ठिकाणी अजूनही दिसतं, ते त्याचंच चिन्ह. त्या पाकिटावरचं साइटचं नाव कंपनीला दिसतं, पण आतलं पान कोणतं ते दिसत नाही. म्हणून एक पान बंद करा असा हुकूम आला की कंपनीपुढे दोनच वाटा राहतात : काहीच बंद न करणं, नाहीतर अख्खी साइट बंद करणं. एका भाडेकरूवर राग, आणि कुलूप सगळ्या वाड्याला!

अर्थात पाकिटं उघडी होती तेव्हाही वाड्यालाच कुलूप लागल्याची उदाहरणं आहेत. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांत दूरसंचार विभागानं नेट कंपन्यांना वीसेक पत्त्यांची यादी दिली, एवढे बंद करा म्हणून. त्यातले काही ब्लॉग होते. म्हणजे साध्या माणसांनी फुकट चालवलेली पानं, आणि अशी लाखो पानं एकाच मोठ्या साइटवर होती, ब्लॉगस्पॉट तिचं नाव. कित्येक कंपन्यांनी यादीतली दोन-चार पानं शोधण्याची तसदी न घेता ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. त्याच ब्लॉगस्पॉटवर 'मुंबई हेल्प' नावाचं पान होतं. स्फोटात सापडलेल्यांचे नातेवाईक, दवाखाने, रक्त, याची माहिती लोक तिथे एकमेकांना देत होते. अतिरेक्यांना अडवायला निघाले आणि मदतीचं पान अडवून बसले. ओरड झाल्यावर विभागानं कंपन्यांना बजावलं की सांगितलेली पानं तेवढीच बंद ठेवा. आठवडाभराने बाकीची पानं दिसू लागली.

आठ वर्षांनी पुन्हा तेच. या वेळी सुरुवात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाकडून, म्हणजे एटीएसकडून झाली. इसिसचा प्रचार काही पानांवर चालतो म्हणून पथक मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात गेलं, कोर्टानं हुकूम दिला आणि १७ डिसेंबर २०१४ ला दूरसंचार विभागानं ३२ पत्त्यांची यादी कंपन्यांना धाडली. त्या यादीत एखाद्या पानाऐवजी सरळ मोठमोठ्या साइटच होत्या. व्हिडिओ ठेवण्याची व्हिमिओ, कॉम्प्युटरवाल्या पोरांचं काम जिच्यावर चालतं ती गिटहब, आणि इंटरनेट अर्काइव्ह, जिथे जुनी मराठी पुस्तकंसुद्धा फुकट वाचायला मिळतात. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांची कामं अडली, तेव्हा बातमी झाली. ३१ डिसेंबरला सरकारनं सांगितलं की काही साइट खुल्या करत आहोत, त्यांनी सहकार्य कबूल केलं आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. २००६ मध्ये यादी नेमकी होती, चूक कंपन्यांची. २०१४ मध्ये कंपन्यांनी यादीप्रमाणे केलं, चूक यादीची. पण इंझोरीत बसलेल्या बाईला दोन्ही वेळा दिसलं असतं काय? पांढरं पान. चूक कोणाची, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं.

आता कायद्याकडे वळू. थोडं कंटाळवाणं आहे, पण ऐका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात पुढे कलम ६९-अ घातलं गेलं आणि २००९ पासून ते लागू आहे. देशाची सुरक्षा, परदेशांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार एखादी साइट किंवा पान बंद करायला सांगू शकतं. या कलमाखालचा हुकूम केंद्राकडूनच निघतो, जिल्ह्याला तो अधिकार नाही. मागणी कोणत्याही खात्याची असो, ती दिल्लीतल्या एका समितीपुढे जाते. पान ज्याचं आहे त्याला नोटीस द्यायची, किमान ४८ तासांची मुदत द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी नोंदवायची, असं नियमांत आहे. तातडी असेल तर आधी बंद करता येतं, मात्र ४८ तासांत प्रकरण समितीपुढे आणावं लागतं. दुसरी वाट कोर्टाच्या हुकुमाची. सिनेमा चोरून दाखवणाऱ्या साइट बहुतेक याच वाटेनं बंद होतात.

हे कलम सुप्रीम कोर्टात तपासलं गेलं, त्यामागे आपल्या महाराष्ट्रातल्या मुली आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं त्याबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं त्या लाइक केल्या आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. ते बघून श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ ला कोर्टानं कलम ६६-अ रद्द केलं. पण ६९-अ ठेवलं. का ठेवलं? नोटीस आहे, सुनावणी आहे, लेखी कारणं आहेत, म्हणून. म्हणजे ते कलम या अटींच्या आधारावर उभं आहे.

आणि प्रत्यक्षात? त्याच नियमांत १६ क्रमांकाचा नियम आहे : तक्रार आणि हुकूम गुप्त ठेवायचे. मग कंपनीला विचारा, ती म्हणते वरून आदेश आहे. वर विचारा, ते म्हणतात गोपनीय आहे.

बायकांना विशेष वाटेल असं एक प्रकरण सांगतो. तनुल ठाकूर या पत्रकारानं २०११ मध्ये हुंड्याची थट्टा करणारी साइट काढली, 'डाउरी कॅल्क्युलेटर'. नवऱ्या मुलाची जात, शिक्षण, नोकरी, पगार भरायचा, की हा नवरदेव किती लाखांना 'बसतो' ते साइट सांगायची. आपल्याकडे बैठकीत जे कुजबुजत ठरतं, ते तिथे आकड्यात समोर यायचं. कोणाला हसू येईल, कोणाला चीड. पण २०१८ मध्ये काहींनी ते खरंच मानलं. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी साइट बंद करण्याची मागणी केली आणि ती बंद झाली. ज्याची साइट त्याला ना नोटीस, ना कारण, ना हुकुमाची प्रत. तो दिल्ली हायकोर्टात गेला. मे २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं की त्याला हुकुमाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका. म्हणजे जे आधी व्हायला हवं होतं ते तीन वर्षांहून जास्त काळानं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. थट्टा सगळ्यांना आवडायलाच हवी असं आमचं म्हणणं नाही. आमच्यातल्याच दोघींना ती आवडली नाही. पण हुंड्यावरची थट्टा बंद होते आणि हुंडा चालू राहतो, हे पाहून आम्हाला जरा वेळ बोलवेना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ६९-अ खालचा हुकूम कंपनीनं पाळला नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि हुकमापेक्षा जास्त बंद केलं तर? एका पानाच्या जागी सगळी साइट बंद केली, हुकूम उठल्यावरही कुलूप काढायला विसरले, तर? त्यासाठी या कलमात काहीच शिक्षा लिहिलेली नाही. दुकानदाराच्या डोक्यानं विचार करा. कमी अडवलं तर तुरुंग, जास्त अडवलं तर कोणी विचारत नाही. मग तो कोणत्या बाजूला चुकेल?

ऑगस्ट २०१५ मध्ये हे उघडपणे दिसलं. सरकारनं अश्लील म्हणून ८५७ साइटची यादी कंपन्यांना दिली. टीका झाली तेव्हा चार-पाच दिवसांत सांगितलं की ज्यांवर लहान मुलांचं शोषण दाखवलेलं नाही त्या साइट खुल्या करायला हरकत नाही. कोणत्या साइटवर काय आहे, हे कोणी ठरवायचं? कंपन्यांनी! कंपन्या म्हणाल्या, हे आम्ही कसं ठरवणार, आणि चुकलो तर आत कोण जाणार? म्हणून त्यांनी बंद ठेवणंच पसंत केलं. लहान लेकरांच्या तसल्या चित्रांना कुलूप लागलंच पाहिजे, याबद्दल आमच्यात कोणाचं दुमत नाही. पण ठरवणारा आणि जबाबदार माणूस एकच असावा, एवढं तरी मागता येतं.

ताईच्या आणि वहिनीच्या फोनमधला फरकही आता नवल वाटत नाही. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा कंपन्यांची जोडणी तपासली, त्यात सरकारी बीएसएनएल आणि एमटीएनएलही होत्या. निदान एका तरी कंपनीकडे बंद असलेल्या ४,०३३ साइट सापडल्या. हुकूम सगळ्यांना सारखेच जायला हवेत, तर यादीही सारखीच हवी ना? सहाही कंपन्यांकडे बंद असलेल्या साइट निघाल्या १,११५. म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा.

मग चांगलं काही आहे की नाही? आहे, आणि तेही आपल्या मुंबई हायकोर्टातलं. २०१६ मध्ये 'ढिशूम' सिनेमा यायचा होता. चोरून दाखवतील म्हणून निर्माता कंपनीनं बीएसएनएल आणि इतर नेट कंपन्यांविरुद्ध साइट बंद करण्याचा हुकूम मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट हुकूम द्यायला नकार दिला. आधी प्रत्येक दुवा तपासा, तपासल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, साइट संपूर्ण बेकायदा असेल तरच संपूर्ण बंद करा, असं सांगितलं. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बंद पानाच्या जागी पांढरं पान नको म्हणाले. तिथे लिहा की हे कोर्टाच्या हुकुमानं बंद आहे आणि ज्याची तक्रार असेल त्यानं कुठे यायचं. म्हणजे कुलूप लावा, पण दारावर चिठ्ठीही लावा.

त्या चिठ्ठीचा पुढे थोडा घोटाळा झाला. एका कंपनीनं अशी पाटी लावली की पान नुसतं पाहणं हाही गुन्हा, तीन वर्षं कैद. लोक घाबरले. तेव्हा पटेल साहेबांनी स्पष्ट केलं की नुसतं पाहिल्यानं हा गुन्हा होत नाही, ती ओळ काढा. तुमच्या फोनवर चुकून अशी पाटी आली तर फोन फेकून देऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

एक फरकही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर सगळं नेटच बंद होतं. तिकडे शिकणाऱ्या आपल्या लेकींना नेटवरून मेसेज जात नव्हते, आठवतं ना? त्याचे नियम वेगळे. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असे नेटबंदीचे हुकूम जाहीर करावे लागतील. सगळं नेट बंद केलं तर हुकूम लोकांना दाखवायचा आणि एक साइट बंद केली तर लपवायचा, हे गणित आम्हाला तरी सुटलं नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. साइट उघडली नाही तर आधी ताईसारखं दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर किंवा कोणाच्या वायफायवर बघा. कुठेच उघडत नसेल तर बहुधा साइटच बंद पडलेली असते, आपलं नेहमीचं सर्व्हर डाऊन. एकीकडे उघडते आणि दुसरीकडे नाही, तर तारीख-वेळ लिहा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. मग कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा, १९८ नंबर, पैसे पडत नाहीत. तिथे "नेट चालत नाही" म्हणू नका, नाहीतर पुन्हा फोन बंद-चालू करायला सांगतील. सरळ विचारा : ही साइट तुम्ही बंद केली आहे का? केली असेल तर कोणाच्या हुकमानं, हुकुमाचा नंबर आणि तारीख काय? आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

कंपनीनं स्वतःच्या मनानं साइट अडवणं तिच्या परवान्यात बसत नाही. २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्यातच ती अट घातली आहे. म्हणून "हुकूम नाही" हे उत्तर आलं, तर ते आपल्या कामाचं आहे. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. त्यापुढे वाशीमला जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्कं केलं आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

माहितीचा अधिकारही आहे. खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही. बीएसएनएलला होतो, दूरसंचार विभागालाही होतो. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही, आणि अर्ज मराठीत चालतो. उत्तरात नियम १६ पुढे करून नकार येण्याची शक्यता मोठी आहे, ते आधीच सांगून ठेवतो. पण लेखी नकार हाही कागद असतो. तनुल ठाकूरलाही कोर्टात कागदच न्यावे लागले.

आमच्या ताईनं १९८ ला फोन केला. पहिल्या दोन वेळा हँडसेटचीच गोष्ट निघाली. तिसऱ्या वेळी आम्ही पाचजणी फोन स्पीकरवर टाकून बसलो आणि हुकुमाचा नंबर मागितला. पलीकडे बराच वेळ नुसतं गाणं वाजत राहिलं, मग "वरिष्ठांना विचारून कळवतो" असं उत्तर आलं. तक्रार क्रमांक मात्र मिळाला. तो आम्ही बचत गटाच्या रजिस्टरमध्ये, बियाण्यांच्या हिशोबाखाली, लिहून ठेवला आहे, आणि अपिलाची तारीख त्याच्याच बाजूला. ताई सध्या ब्लाउजचे नमुने वहिनीच्या फोनवर बघते आहे.